ओहायोतील पशुधन-मानकांचा वाद, 2009 ते 2011: मतदान जिंकूनही तडजोड का करावी लागली?

हे प्रकरण अमेरिकेतील ओहायो राज्यातील आहे. पशुपालनाच्या मानकांविषयीचा एक प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ घातला होता आणि तो कसा रोखायचा, हा तेथील शेतकरी व उत्पादक संघटनांच्या आघाडीपुढचा प्रश्न होता. त्या आघाडीने काय ठरवले, का ठरवले आणि त्याचे पुढे काय झाले, याची ही मांडणी आहे. वाटाघाटीत प्रत्यक्ष बसलेल्या व्यक्तींची नावे दिलेली नाहीत. गव्हर्नरपद सार्वजनिक असल्याने ते नाव येते. बाकीच्यांची ओळख त्यांच्या संघटनेपुरतीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

विधिमंडळाला वळसा घालून मतदारांनी थेट कायदा किंवा घटनादुरुस्ती करण्याची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे आधी हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील सुमारे निम्म्या राज्यांत ठरावीक संख्येने नागरिकांच्या सह्या गोळा केल्या की प्रस्ताव सार्वत्रिक मतदानाला टाकता येतो. ओहायोत ही तरतूद 1912 पासून आहे. याशिवाय तेथील विधिमंडळही दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश बहुमताने घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवू शकते. या प्रकरणात हे दोन्ही मार्ग वापरले गेले. फरक इतकाच की एक मार्ग एका बाजूने वापरला आणि दुसरा दुसऱ्या बाजूने.

प्राणीकल्याण संघटनांनी थेट मतदानाचा मार्ग पशुपालनासाठी वापरायला सुरुवात केली ती फ्लोरिडात. तेथे 2002 साली गाभण डुकरिणींना अरुंद पिंजऱ्यात ठेवण्यावर घटनादुरुस्तीने बंदी आली. ॲरिझोनाने 2006 मध्ये डुकरिणींबरोबर मांसासाठी वाढवलेल्या कोवळ्या वासरांचाही समावेश केला. या दोन्ही राज्यांत हे व्यवसाय फारसे मोठे नव्हते, म्हणून उद्योगाला धक्का बसला तरी जखम झाली नाही. चित्र पालटले ते 4 नोव्हेंबर 2008 रोजी. त्या दिवशी कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन 2’ 63 टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. जनावराला आडवे होता आले पाहिजे, उभे राहता आले पाहिजे, अवयव पूर्ण पसरता आले पाहिजेत आणि मोकळेपणाने वळता आले पाहिजे, एवढेच तो कायदा म्हणत होता. मात्र या वेळी त्यात अंडी देणाऱ्या कोंबड्याही होत्या. अंमलबजावणी 1 जानेवारी 2015 पासून होणार होती. तेथील अंडी-उत्पादकांनी विरोधासाठी प्रचंड पैसा ओतला होता. अंडी महाग होतील, परदेशातून येतील, अन्नसुरक्षा धोक्यात येईल, हे सगळे सांगून झाले, तरी मतदारांनी कौल दिला तो पिंजऱ्याच्या छायाचित्राकडे पाहूनच.

त्या छायाचित्रात काय दिसते, हे येथे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे डावपेच त्याभोवतीच फिरतात. उद्योगाने स्वतःच ठरवलेल्या त्या काळच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक कोंबडीला 67 चौरस इंच जागा धरली जाई. म्हणजे ए-फोर आकाराच्या कागदाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग. एवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत. डुकरिणीचा पिंजरा साधारण दोन फूट रुंद आणि सात फूट लांब असतो. तिला उठता-बसता येते, वळता मात्र येत नाही. तिचा गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा असतो आणि पिल्ले मोठी झाली की चक्र पुन्हा सुरू होते. उत्पादकांचीही बाजू होती आणि ती पोकळ नव्हती: एकत्र सोडलेल्या डुकरिणी एकमेकींना चावतात, दुबळीला खाऊ देत नाहीत आणि प्रत्येकीच्या खाण्यावर व आजारावर लक्ष ठेवणे अवघड होते. पण हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात आणि दूरदर्शनवरची जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते.

समस्या

कॅलिफोर्नियानंतर पुढचे राज्य कोणते, याचा अंदाज बांधणे कठीण नव्हते. अंड्यांत देशात पहिला क्रमांक आयोवाचा, आणि डुकरांत आयोवा व नॉर्थ कॅरोलायना आघाडीवर. पण या दोन्ही राज्यांत नागरिकांना सह्यांच्या बळावर प्रस्ताव आणता येत नाही. अंड्यांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ओहायोत तो आणता येत होता. डुकरे, दुभती जनावरे आणि मांसासाठीची वासरे हे व्यवसायही तेथे मोठे. म्हणजे व्यवसाय मोठा आणि दार उघडे, असे राज्य हेच.

2009 च्या सुरुवातीला ‘ह्युमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या राष्ट्रीय संघटनेच्या प्रतिनिधींनी ओहायोतील शेतकरी संघटनांची भेट घेतली. त्यांचे म्हणणे सरळ होते: तीन प्रकारचे बंदिस्त पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद करण्यावर आपण बसून बोलू, बोलणी झाली नाहीत तर 2010 च्या निवडणुकीत आम्ही प्रस्ताव आणू. राज्यातील सर्वांत मोठी शेतकरी संघटना, म्हणजे ओहायो फार्म ब्यूरो, तसेच वराहपालक, कुक्कुटपालक, गोमांस-उत्पादक, दुग्धोत्पादक, मका आणि सोयाबीन उत्पादकांच्या संघटना यांना उत्तर द्यायचे होते. मका-सोयाबीनवाले यात कशाला, असे वाटेल. पण त्यांचे धान्य शेवटी खुराड्यातच जाते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता बोलणी करण्याचा. कोलोराडोत 2008 मध्ये उद्योगाने असेच जुळवून घेतले होते आणि दीर्घ मुदतीचा कायदा विधिमंडळातून आला होता. पण ज्या सभासदाने नुकतेच कर्ज काढून नवे खुराडे बांधले आहे, त्याला हे सांगायचे कोणी? शिवाय आज तीन पिंजऱ्यांवर मान डोलावली तर उद्या आणखी काय मागतील, ही शंका होतीच.

दुसरा पर्याय म्हणजे वाट पाहायची आणि प्रस्ताव आला की कॅलिफोर्नियाप्रमाणे लढायचे. यात तयारीला वेळ मिळत होता. परंतु प्रश्नाची शब्दरचना विरोधकांच्या हाती राहणार होती. “जनावराला वळता यावे की नाही?” असा प्रश्न मतपत्रिकेवर आला की “नाही” म्हणायला लावणे जवळपास अशक्य, हे तीन राज्यांत दिसून आले होते.

तिसरा पर्याय विधिमंडळातून साधा कायदा करून घेण्याचा होता. तो सोपा होता, पण नंतर आलेली घटनादुरुस्ती त्याला एका फटक्यात निष्प्रभ करू शकत होती.

चौथा पर्याय आघाडीने निवडला, आणि या प्रकरणाचे वेगळेपण त्यातच आहे. समोरच्याने प्रस्ताव आणण्याआधी आपणच आणायचा. तो साधा कायदा न ठेवता घटनादुरुस्तीच्या रूपात आणायचा. आणि मतदारांना विचारायचा प्रश्नच बदलायचा. पिंजरा असावा की नसावा, हे न विचारता जनावरांच्या संगोपनाचे नियम कोणी ठरवावेत, हे विचारायचे: बाहेरून आलेल्या संघटनेने की ओहायोतील शेतकरी, पशुवैद्य आणि ग्राहक यांच्या मंडळाने?

घेतलेली पावले

विधिमंडळात तेव्हा प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे आणि सिनेट रिपब्लिकनांकडे होते. तरीही जुलै 2009 मध्ये दोन्ही सभागृहांनी प्रस्ताव मोठ्या बहुमताने पुढे पाठवला. डेमोक्रॅट गव्हर्नर टेड स्ट्रिकलंड यांनीही पाठिंबा दिला. ग्रामीण मतांचा प्रश्न असला की पक्षभेद किती लवकर मिटतात, याचा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

‘इश्यू 2’ या क्रमांकाने तो मतपत्रिकेवर आला. त्यानुसार ‘ओहायो पशुधन संगोपन मानक मंडळ’ स्थापन व्हायचे होते. एकूण सदस्य तेरा. अध्यक्ष राज्याचे कृषी संचालक. दहा जणांची नेमणूक गव्हर्नरकडे: त्यात कौटुंबिक शेती करणारा एक, राज्यव्यापी शेतकरी संघटनांचे दोन, राज्याचे मुख्य पशुवैद्य आणि आणखी एक पशुवैद्य, अन्नसुरक्षेचा एक जाणकार, कृषी महाविद्यालयाचा एक अधिष्ठाता, दोन ग्राहक आणि स्थानिक प्राणीकल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी. उरलेले दोन शेतकरी विधिमंडळाच्या दोन सभागृहांच्या प्रमुखांनी नेमायचे. नियम करताना मंडळाने रोगप्रतिबंध, जनावरांची मरतूक, अन्नसुरक्षा, परवडणाऱ्या अन्नाचा पुरवठा आणि स्थानिक शेतीचे रक्षण यांचा विचार करावा, असे घटनेतच लिहिले. पिंजऱ्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. ही तटस्थता नव्हती, हिशेब होता: जे लिहिलेले नाही त्यावर हल्ला करता येत नाही.

विरोध झालाच, आणि तो केवळ प्राणीप्रेमींकडून झाला नाही. छोट्या शेतकऱ्यांची बाजू मांडणारी ओहायो फार्मर्स युनियन विरोधात उभी राहिली. हे मंडळ मोठ्या उत्पादकांच्या ताब्यात जाईल आणि मग छोट्यांनाच नियम लावील, ही तिची भीती होती. लीग ऑफ विमेन व्होटर्स या नागरी संघटनेचा आक्षेप वेगळा होता: एका उद्योगाच्या सोयीसाठी राज्यघटनेत कलम घालणेच मुळात गैर. हा आक्षेप खोल होता, पण प्रचारात टिकला नाही. विरोधकांकडे पैसा कमी होता. त्याच मतपत्रिकेवर कॅसिनोंना परवानगी देणारा प्रस्तावही असल्याने जाहिरातींचा बहुतेक गोंगाट त्याचाच होता.

3 नोव्हेंबर 2009 रोजी ‘इश्यू 2’ सुमारे 64 टक्के मतांनी मंजूर झाला. टक्केवारी जवळपास कॅलिफोर्नियाइतकीच आणि कौल मात्र उलट दिशेचा. बहुसंख्य मतदार दोन्ही राज्यांत एकाच गोष्टीला “हो” म्हणाले असावेत, असे माझे मत आहे: जनावरांची नीट काळजी घेतली जावी. ओहायोत आघाडीने हे वाक्य आधी उच्चारले, एवढेच.

दुसरी फेरी

विजयाचा आनंद काही महिनेच टिकला. ह्युमेन सोसायटीने जाहीर केल्याप्रमाणे 2010 साठी सह्या गोळा करायला घेतल्या, आणि तिने तयार केलेला मसुदा डावपेचाचा उत्तम नमुना होता. मंडळ रद्द करा, असे तिने म्हटलेच नाही. मंडळ राहू द्या. फक्त त्याने सहा वर्षांच्या आत अमुक किमान मानके लागू केलीच पाहिजेत, असे त्याच कलमात जोडा. ज्या मंडळाची ढाल म्हणून उभारणी झाली होती, त्याच मंडळाला आदेश देण्याचा हा प्रस्ताव होता. आता “तज्ज्ञांवर विश्वास ठेवा” ही घोषणा पूर्वीसारखी चालणार नव्हती, कारण समोरचेही तज्ज्ञ मंडळ मान्य करूनच बोलत होते.

त्यात मे 2010 च्या अखेरीस ओहायोतल्याच एका दुग्धशाळेत छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण बाहेर आले. कामगार गाई-वासरांना पहारीने आणि दाताळ्याने मारताना त्यात दिसत होता. पिंजऱ्यांशी त्याचा थेट संबंध नव्हता. तो सरळसरळ गुन्हा होता आणि शेतकरी संघटनांनीही त्याचा निषेध केला. पण ‘ओहायोचे शेतकरी आपल्या जनावरांची काळजी घेतात’ हा वर्षभरापूर्वीच्या प्रचाराचा कणा त्या चित्रणाने वाकवला.

प्रस्तावासाठी 4,02,275 वैध सह्या हव्या होत्या, त्याही 88 पैकी किमान 44 परगण्यांतून. पाच लाखांहून अधिक गोळा झाल्या. दाखल करण्याची मुदत 30 जून 2010 होती.

आघाडीपुढचा खरा निर्णय या जून महिन्यातला होता. लढायचे ठरवले तर कोट्यवधी डॉलर उभे करावे लागणार होते, आणि हरल्यास सहा वर्षांत, म्हणजे 2016 पर्यंत, कोंबड्यांसकट सगळे पिंजरे हटवावे लागणार होते. जिंकले तरी 2012 मध्ये किंवा त्यानंतर तोच प्रस्ताव पुन्हा आणायला कोणाची आडकाठी नव्हती. तडजोड केली तर मुदती लांबवता येत होत्या, पण आठ महिन्यांपूर्वी ज्या संघटनेला ‘बाहेरची’ म्हणून मतदारांपुढे उभे केले, तिच्याशीच हस्तांदोलन करावे लागणार होते. गव्हर्नरांचेही गणित होते: नोव्हेंबरमध्ये त्यांची स्वतःची निवडणूक होती आणि शेतकरी व प्राणीप्रेमी या दोन्ही मतदारांना दुखावणारी लढाई त्याच मतपत्रिकेवर त्यांना नको होती. त्यांनीच मध्यस्थी केली.

परिणाम

मुदतीच्या दिवशीच, 30 जूनला, करार जाहीर झाला आणि सह्या दाखल झाल्या नाहीत. वासरांचे अरुंद पिंजरे 2017 अखेर बंद करायचे. 31 डिसेंबर 2010 नंतर डुकरिणींसाठी नवे पिंजरे बसवायचे नाहीत आणि असलेले 2025 अखेरपर्यंत काढायचे. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या नव्या प्रकल्पांना परवाने द्यायचे नाहीत. जुन्यांना मात्र हात लावायचा नाही. आजारी डुकरांना व गुरांना गळफास देऊन मारायचे नाही आणि उभे राहू न शकणारी गुरे कत्तलीसाठी न्यायची नाहीत. शेतीशी संबंध नसलेल्या गोष्टीही त्यात होत्या: कोंबड्यांच्या झुंजींना कडक शिक्षा, कुत्र्यांच्या पैदास केंद्रांवर नियंत्रण आणि घरी हिंस्र प्राणी पाळण्यावर बंदी.

शेवटच्या कलमाची कथा विषयाबाहेरची असली तरी सांगण्याजोगी आहे. स्ट्रिकलंड नोव्हेंबरमध्ये हरले. जाता जाता त्यांनी हिंस्र प्राण्यांविषयी काढलेला तात्पुरता आदेश पुढच्या गव्हर्नरांच्या काळात संपू दिला गेला आणि ऑक्टोबर 2011 मध्ये झेन्सव्हिलजवळ एका माणसाने आपल्याकडचे वाघ, सिंह, अस्वले मोकळी सोडून आत्महत्या केली. पोलिसांना जवळपास पन्नास प्राणी गोळ्या घालून मारावे लागले. त्यानंतर, 2012 मध्ये, कायदा झाला.

मंडळाने काम केले. 2011 च्या वसंतात वासरांच्या मानकांवर त्याने एकदा करारापासून फारकत घेणारे मतदान केले, कोवळ्या वयाच्या पहिल्या आठवड्यांत वळण्याइतकी जागा न देण्याची सवलत ठेवली, आणि लोकांच्या हरकतींचा ओघ आल्यावर तो निर्णय फिरवला. सप्टेंबर 2011 अखेर मानके लागू झाली. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांनी 2010 मध्येच मंडळाचा हा नमुना उचलला होता.

निर्णयांचे मूल्यमापन आणि काय वेगळे करता आले असते

आघाडी हरली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. प्रस्तावातील सहा वर्षांच्या जागी डुकरिणींसाठी पंधरा वर्षे मिळाली आणि चालू असलेल्या अंडी-प्रकल्पांना कालमर्यादाच लागली नाही. ज्याने 2008 मध्ये खुराडे बांधले, त्याच्या कर्जाचे हप्ते फिटायला यातून वाव मिळाला. 2009 ची लढाई न लढता हा करार मिळाला असता का, याविषयी मला शंका आहे. मतदानातल्या विजयाने आघाडीला बोलणीत बसताना पाठीशी काहीतरी मिळाले.

पण आघाडीने ‘कोण ठरवणार’ हा प्रश्न जिंकला आणि ‘काय ठरवणार’ हा प्रश्न मोकळा सोडला, हे दुर्लक्षून चालत नाही. नोव्हेंबर 2009 ते जून 2010 हे आठ महिने हाताशी होते. त्या काळात मंडळाची रचना आणि त्यासाठी लागणारा कायदा यांतच वेळ गेला. मानकांचा निदान मसुदा, मग तो दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीचा का असेना, उद्योगाने स्वतःहून मांडला असता, तर ह्युमेन सोसायटीच्या सह्यांना “हे काम आधीच चालू आहे” असे उत्तर देता आले असते. मोकळी सोडलेली जागा शेवटी समोरच्याच्या वेळापत्रकाने भरली गेली.

घटनादुरुस्तीच्या निवडीविषयीही पुनर्विचार व्हायला हवा. घटनेतले कलम साध्या कायद्याने मोडता येत नाही, हे खरे. पण त्याच कलमात नवी ओळ घालणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपुढे त्याची काहीच मातब्बरी नाही. मतदारांनी एकदा मंजूर केले म्हणजे दार बंद झाले, अशी समजूत सभासदांत पसरू दिली गेली आणि म्हणूनच करार जाहीर झाल्यावर अनेक उत्पादकांना तो विश्वासघात वाटला. बोलणी बंद दाराआड झाली, हे समजण्यासारखे आहे; मुदत जवळ असताना हजारो सभासदांचे मत घेता येत नाही. मात्र “लढाई जिंकली तरी बोलणी करावी लागतील” ही शक्यता 2009 च्या प्रचारातच सभासदांच्या कानावर घालता आली असती. ते टाळले गेले, कारण त्याने प्रचाराची धार बोथट झाली असती.

हा डाव दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. ओक्लाहोमात 2016 मध्ये शेतीवर नवे निर्बंध घालणे अवघड करणारी घटनादुरुस्ती मतदानाला टाकली गेली आणि पशुपालनाचे राज्य असूनही सुमारे 60 टक्के मतदारांनी ती फेटाळली. त्या प्रस्तावात तज्ज्ञांचे मंडळ नव्हते, ग्राहक नव्हते, प्राणीकल्याणाचा प्रतिनिधी नव्हता. मतदाराला त्यात उद्योगासाठीचे संरक्षण तेवढे दिसले. ओहायोच्या तेरा जणांतली प्राणीकल्याण संस्थेची ती एक जागा मतांच्या हिशेबाने नगण्य होती, पण तिच्यावाचून ‘इश्यू 2’ला 64 टक्के मिळाले असते, असे वाटत नाही.

राज्याच्या सीमेत मिळवलेल्या मुदती कितपत उपयोगी पडल्या, हा आणखी एक प्रश्न. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये ‘प्रपोझिशन 12’ मंजूर केला. त्याने केवळ तेथील शेतकऱ्यांना नव्हे, तर तेथे विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाला आणि अंड्यांनाही नियम लावले, माल कुठल्याही राज्यातून येवो. वराहपालकांची राष्ट्रीय संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे 2023 मध्ये हरली. ओहायोतल्या ज्या उत्पादकाला कॅलिफोर्नियाची बाजारपेठ हवी होती, त्याच्यासाठी 2025 ही मुदत तिथेच निरर्थक झाली; ज्याला ती नको होती, त्याने मात्र मिळालेली सगळी वर्षे वापरली.